वत्सलाच्या नावापुढचा रकाना

डिसेंबर अर्धा सरला की मारतहळ्ळीच्या पुलाखाली अवरेकाळूच्या शेंगांचे ढीग लागतात. हिरव्या, किंचित चिकट, बोटांना तेलकट वास लावून जाणाऱ्या शेंगा. इथले जुने लोक त्या ढिगात आधी हात घालतात, मग तो हात नाकाशी नेतात, आणि वास पसंत पडला तरच भाव विचारतात. मीही तसंच करतो. या वर्षीच्या पहिल्या शेंगा काल मीच आणल्या. लिफ्टमधून अकराव्या मजल्यापर्यंत तो वास माझ्याबरोबर आला, आणि घराचं दार उघडायच्या आत मागच्या वर्षीचा तो रविवार माझ्यासमोर उभा राहिला.

तो लिहून ठेवायचा आहे. माझं वय चौऱ्याहत्तर. तोंडानं मी सगळं सांगून टाकलं आहे, घरात आता कुणाला त्यात नवीन काही नाही. पण चूक मी कागदावर केली होती, आणि एकदा नव्हे, पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा केली होती. तेव्हा तिची दुरुस्तीही कागदावर व्हायला हवी.

अवरेकाळूचं एक असतं. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा दोन बोटांत धरून चिमटायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ सुळकन पातेल्यात उडी मारते. हे एका माणसाचं काम नाही. चार माणसं आणि एक अख्खी सकाळ लागते. म्हणून आमच्याकडे, म्हणजे कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत, या दिवसांतलं महत्त्वाचं बोलणं अवरेकाळू सोलताना होतं. आमच्या आत्याचं लग्न याच पातेल्याभोवती ठरलं, चामराजपेटचं जुनं घर सोडायचं याच पातेल्याभोवती ठरलं. हात गुंतलेले असतात, उठून जाता येत नाही, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

त्या रविवारी आम्ही चौघं बसलो होतो. मी, माझी सून स्नेहा, मूळची पुण्याची, तिची मुलगी गौरी, इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी, आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली माझी बहीण वत्सला. मुलगा कामासाठी परगावी होता. वत्सला राजाजीनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर गणित शिकवलं. ती आमच्याकडे आली की बाल्कनीचं दार लावून घ्यायचं आणि पडदा ओढायचा, असा घरचा नियम होता. कारण वत्सलाला उंची सोसत नाही, तिला चक्कर येते. एखाद्याला दूध पचत नाही हे जसं घरात सगळ्यांना ठाऊक असतं, तसं हे ठाऊक होतं.

"बाबा, हा पावटाच आहे," स्नेहा दरवर्षीप्रमाणे म्हणाली. "तुम्ही लोक उगाच एवढं कौतुक करता."

"पावटा याचा गरीब चुलतभाऊ," वत्सला म्हणाली. "लग्नाला बोलवायचा, फोटोत घ्यायचा नाही."

गौरीनं आइसलँडचा बेत काढला होता. उत्तरेकडचं ते बेट, जिथे ज्वालामुखी आणि बर्फ शेजारी शेजारी नांदतात. ऑगस्टमध्ये आम्ही चौघांनी जायचं. तिकिटं झाली होती. उरलं होतं एकच, की तिथे जाऊन करायचं काय. गौरीच्या वयाच्या मुलांना नुसतं जाऊन बघून येणं पुरत नाही. तिनं लॅपटॉपवर तक्ता केला होता आणि मला पडद्यावरचं वाचवत नाही म्हणून त्याची छापील प्रत माझ्या मांडीवर ठेवली होती. डावीकडे आमची चार नावं, पुढे एकेका साहसाचा रकाना, आणि अगदी शेवटी प्रकृतीचा रकाना. सगळं त्याच दिवशी नक्की करून तिथल्या लोकांना कळवायचं होतं.

"ऐका हं," गौरी म्हणाली. "व्हेल बघायची बोट, सगळे. घोडे, सगळे. छोटे असतात, खूप क्यूट. लाव्हाची गुहा, मी आणि आई, डोक्याला दिवा लावून आत जायचं. मग दोन खंडांच्या मधल्या फटीत पोहणं, फक्त मी."

"कशाच्या फटीत?" स्नेहानं विचारलं.

"आई, टेक्टॉनिक प्लेट्स. एका हाताला अमेरिका, एका हाताला युरोप. पाणी दोन डिग्री असतं, पण ते लोक ड्राय सूट देतात."

"दोन डिग्रीत बुडायला एवढ्या लांब कशाला," वत्सला म्हणाली. "डिसेंबरात माझ्याकडे ये, गीझर बंद ठेवते."

गौरी हसली. "आणि हे मेन आहे. हिमनदीवर चालायचं, बुटांखाली लोखंडी खिळे बांधून. आणि शेवटी दोरावर बर्फाची भिंत चढायची. मी आणि आजोबा."

स्नेहाचा हात थांबला. "बाबा? अगं, वय बघ त्यांचं."

"मॉम, आजोबा रॉक क्लायंबर आहेत. आत्तेआजीला रामनगरच्या कड्यावरून कुणी खाली आणलं होतं? लेजंड आहे ती आपल्या घरातली."

"आणि आत्यांचं काय त्या दिवशी?"

"आत्तेआजीला मी बस ठेवलीय. आधी म्युझियम, मग गरम पाण्याचं कुंड. एकही चढ नाही, आत्तेआजी. टोटली सपाट."

"सरी," वत्सला म्हणाली, म्हणजे बरं, आणि पुढचा दाणा चिमटला.

मी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. वत्सलाच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: उंचीची भीती, चक्कर येते. माझ्या नावापुढे: काही नाही. गौरीनं हे मनानं लिहिलं नव्हतं. आठवड्यापूर्वी तिनं फोनवर विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, सवयीनं, चहाचा घोट घेता घेता.

ती सवय कशी लागली ते सांगतो.

दिवस हेच होते, शेंगांचे. मी एकवीस वर्षांचा होतो, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात नुकताच तपासणी विभागात लागलो होतो. वत्सला कॉलेजात होती. तिच्या कॉलेजची काही मुलंमुली रविवारी रामनगरच्या कातळांवर चढायला जायची. एक निवृत्त सुभेदार त्यांना शिकवायचे. आमच्या अप्पांनी वत्सलाला परवानगी दिली ती एका अटीवर: अण्णा बरोबर गेला पाहिजे. अण्णा म्हणजे मी. तेव्हा आमच्यासारख्या घरांत मुलगी कुठेही गेली तर तिच्यामागे भाऊ जायचा. मग मी दर रविवारी पहाटेच्या बसने तिच्याबरोबर जायचो आणि कातळाच्या सावलीत डबा राखत बसायचो.

तिचं चढणं मला आजही दिसतं. लाल-करड्या कातळावर सकाळचं ऊन, खाली सीताफळांची झुडपं, आणि वर दोन वेण्या पाठीवर टाकून चढणारी वत्सला. ती घाई करायची नाही. हात फिरवून खाच शोधायची, सापडली की थांबायची, मग सगळं अंग त्या हातामागून वर जायचं. सुभेदार बिडी ओढत बघायचे आणि कन्नडमध्ये म्हणायचे, ही मुलगी दगडाला विचारून चढते. त्यांनीच तिचं नाव हिमालयातल्या महिनाभराच्या शिबिरासाठी सुचवलं. त्या कॉलेजला मुलींची एकच जागा होती. ती वत्सलाला मिळाली. अप्पांची सही तेवढी व्हायची होती.

मग एका रविवारी बरोबरची मुलं मला चिडवू लागली. "काय अण्णा, बहिणीचा डबा राखायलाच नोकरीला लागलास का?" मला ते लागलं. मी दोर बांधून घेतला आणि चढलो. तीसेक फूट गेलो असेन. मग माझा उजवा पाय शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला आणि थांबेना. मी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. मी कातळाला गाल लावून चिकटलो. खालून सगळे ओरडत होते, दोर आहे, हात सोड, आम्ही उतरवतो. माझे हात सुटेनात. मी आईला हाक मारली. एकवीस वर्षांच्या, कमावत्या माणसानं, वीस जणांच्या देखत. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

वत्सला शेजारच्या दोरानं माझ्या पायांपर्यंत चढून आली. तिनं माझा बूट हातात धरला आणि उचलून एका खाचेत ठेवला. "हा इथे राहू दे. आता दुसरा दे. खाली बघू नको, मी आहे खाली." असं एकेक पाऊल तिनं मला उतरवलं. किती वेळ लागला कोण जाणे, पण ऊन सरकून सावली आमच्यावर आली होती.

परतीच्या बसस्टँडवर तिनं मला ताक पाजलं. माझे गुडघे सोलले होते, पँट फाटली होती. ती म्हणाली, "घरी कळायला नको. मी नाही सांगणार. कुणालाच, कधीच. शप्पथ."

घरी अप्पा दारातच होते. फाटकी पँट पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. पडलो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या मुलांपैकी दोघं आमच्याच गल्लीतली होती. आज ना उद्या गोष्ट गल्लीत येणार, की भाऊ रडला आणि बहिणीनं उतरवला. त्या गोष्टीआधी माझी गोष्ट पोहोचायला हवी होती. मी म्हणालो, "वत्सलाला वर चक्कर आली. मी तिला खाली आणलं."

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याआधी कधी ठेवला नव्हता. वत्सला शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं नाही, कारण दोन तासांपूर्वीच तिनं मला शब्द दिला होता. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, कॉलेजला तूच कळव. मी कळवलं. सुंदर, वळणदार अक्षरात: उंचावर चक्कर येत असल्यामुळे शिबिराला पाठवता येत नाही.

ती पहिली नोंद. पुढच्या सगळ्या त्याच हाताच्या. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, आजही. रेशनकार्ड, पासपोर्ट, विमा. वत्सला शिक्षिका झाली तेव्हाचा प्रकृतीचा दाखला मी भरला, तिथे लिहिलं. विम्याला लिहिलं. शाळेच्या सहलीला शिक्षक म्हणून जायचं तेव्हा लिहिलं. आता मागे फिरलो तर आधीचे सगळे कागद खोटे ठरतील अशी माझी तेव्हाची समजूत. त्यात गंमत अशी, की दिवसभर मी पीण्यात दुसऱ्यांचे कागद तपासत होतो. दरवर्षी आम्ही शिवगंगेच्या डोंगरावर देवदर्शनाला जायचो. सगळे वर चढायचे आणि वत्सला पायथ्याशी चपला राखत बसायची. आम्ही आमच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा तिला म्हणालो, तू इथे ये म्हटलं असतं, पण तुला झेपायचं नाही. आणि घरातले सगळे तिला किती जपायचे. स्टुलावर चढू द्यायचे नाहीत, दिवाळीत आकाशकंदील लावू द्यायचे नाहीत. शाळेत ती उंची आणि अंतराची गणितं फळ्यावर सोडवून दाखवायची, मनोऱ्याच्या टोकाशी होणारे कोन, कड्यावरून दिसणारी बोट. घरी तिला कुणी गच्चीवर वाळवण घालू देत नव्हतं.

पीण्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तपासणीच्या कागदावर खाडाखोड करायची नाही, खोडरबर तर वापरायचाच नाही. नोंद चुकली असेल तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर नोंद लिहायची आणि खाली आपली आद्याक्षरं. म्हणजे चूक काय होती, ती कुणी केली आणि कुणी सुधारली, तिन्ही कायम दिसत राहतं. अडतीस वर्षं मी हे दुसऱ्यांकडून करून घेतलं.

मी हात पुसले. खिशातलं पेन काढलं. वत्सलाच्या नावापुढच्या शेवटच्या रकान्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: काही नाही. माझ्या नावापुढच्या 'काही नाही'वर रेघ मारली आणि लिहिलं: उंचीची भीती. दोन्हींखाली आद्याक्षरं केली आणि कागद गौरीकडे सरकवला.

तिनं तो दोनदा वाचला. "आजोबा, तुम्ही ओळी उलट्या केल्यात."

"नाही. आता सुलट झाल्या."

मग मी सांगितलं. सगळं, ताकापर्यंत आणि आईला मारलेल्या हाकेपर्यंत. पातेल्याकडे बघत सांगितलं. स्नेहाचे हात थांबले होते. गौरीनं लॅपटॉप हळूच मिटला. वत्सलाचे हात मात्र चालू होते. डाळ पातेल्यात पडल्याचा आवाज तेवढा येत होता. माझं संपलं तेव्हा तिनं हातातलं साल टाकलं.

"स्वल्प उशीर केलास, अण्णा," ती म्हणाली.

मी समोरची सालं एका बाजूला सारली.

"शब्द मी दिला होता. तू दिला नव्हतास. तुला कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. मी दरवर्षी या पातेल्याभोवती बसायची आणि वाटायचं, आज बोलेल. मग डाळ संपायची." तिनं दुसरा दाणा उचलला. "मी रागावलेय, आणि तो राग काय आज जायचा नाही. आइसलँडलाही येईल माझ्याबरोबर. सरी. पुट्टी, ती बर्फाची भिंत किती फुटांची म्हणालीस?"

गौरी घाईघाईनं लॅपटॉप उघडू लागली. "चाळीसेक. पण आत्तेआजी, तुला खरंच..."

"आणि बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी एक देतात का दोन?"

"दोन."

"मग जमेल. एका हातानं आता धरवणार नाही."

यादीत नसलेल्या कुऱ्हाडीही तिला ठाऊक होत्या हे तेव्हा लक्षात आलं. स्नेहा उठली. तिनं हात धुतले, पडदा सारला आणि बाल्कनीचं दार उघडलं. दुपारचा वारा आत आला. वत्सला बाहेर गेली, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून वाकली आणि बराच वेळ अकरा मजले खाली बघत राहिली. आम्ही तिघं दारातच उभे.

"तुमच्या टाकीचं झाकण उघडं आहे," ती म्हणाली. "कबुतरं पाणी पिताहेत. वॉचमनला सांगा."

स्नेहा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं.

गौरीनं तिथल्या लोकांना पत्र पाठवून विचारलं, एकाहत्तर वर्षांच्या बाई भिंत चढू शकतील का. वय बघून नकार येणार अशी मला खात्री होती. उत्तर आलं: गुडघे कसे आहेत, आणि चार तास चालू शकतात का? बाकी आम्ही बघू. असं उत्तर अप्पांनी दिलं असतं तर, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला. अप्पांना विचारलंच नव्हतं कुणी. मी त्यांना आयतं उत्तर दिलं होतं.

नंतरचे महिने सरळ गेले असं नाही. फेब्रुवारीत तिनं पंधरा दिवस माझा फोन उचलला नाही, गौरीचा उचलायची. मग एका सकाळी तिनंच केला.

"अण्णा, शिबिरात माझ्या जागी कोण गेलं होतं, ठाऊक आहे?"

"नाही. कधी विचारलं नाही मी."

"मी विचारलं होतं. कुणीच नाही. जागा रिकामी राहिली. एवढंच सांगायचं होतं. शनिवारी बूट घ्यायला शिवाजीनगरला येतोस का?"

इथल्या शिवाजीनगरच्या त्या अरुंद दुकानात दुकानदारानं घोट्यापर्यंतचे जाड बूट माझ्यासमोर आणून ठेवले. त्यांना नाही, मला, असं वत्सलानं सांगितलं. तो तिच्या पांढऱ्या केसांकडे आणि सुती साडीकडे पाहत म्हणाला, "अम्मा, ये आपकू भारी पडते. नक्को." "भारीच चाहिए," वत्सला म्हणाली. तिनं ते घालून दुकानात दाणदाण पाय आपटले, मग समोरच्या पायरीवर बुटाचं टोक ठेवून टाचा वर उचलल्या आणि नुसत्या टोकावर उभी राहिली. भिंतीला हात न लावता. दुकानदार मोजत होता की नाही ठाऊक नाही. मी मोजत होतो. पंचावन्नपर्यंत.

मार्चमध्ये आम्ही शिवगंगेला गेलो. पायथ्याशी तिनं चपला काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. फुलवाली म्हणाली, दरवर्षी अक्का बसतात इथे, आज तुम्ही? मी म्हणालो, आज पाळी माझी. तीन तास बसलो. तीन तास काय असतात ते चपलांशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. लोक वर जातात, लोक घामेजून, हसत, कपाळाला गंध लावून खाली येतात, आणि तुमच्याकडे कुणी बघत नाही. ती उतरली तेव्हा तोंड लाल झालं होतं. घटाघट पाणी प्यायली आणि म्हणाली, "वर वारा आहे." बाकी काही सांगितलं नाही. ते तिनं स्वतःसाठी ठेवलं आणि ते मला बरोबर वाटलं.

मग ऑगस्ट. आइसलँडमध्ये आकाश इतकं खाली असतं की आपण वाकून चालतो की काय असं वाटतं. काळी वाळू, हिरवं शेवाळ, आणि त्यातून दरीत उतरलेली हिमनदी, एखादी अजस्र जीभ बाहेर काढावी तशी. जवळ गेल्यावर ती पांढरी नाही हे कळतं. तिच्यात राखेचे काळे पट्टे आहेत आणि चिरांच्या आत असा निळा रंग, की शाईची दौत सांडलीय असं वाटावं. राख जुन्या ज्वालामुखींची, बर्फानं एकेक थर जसाच्या तसा धरून ठेवलेला. स्नेहा त्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडात गेली, आम्ही तिघं बर्फावर. आमची वाट दाखवणारी मुलगी पंचविशीतली, उंच, वाऱ्यानं गाल फुटलेले. तिनं आमच्या बुटांखाली खिळे बांधले, कमरेला पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेटं दिली. मला सपाट बर्फावरून भिंतीच्या पायथ्यापर्यंतच जायचं होतं. तेवढंही मी गौरीचा हात धरून गेलो. प्रत्येक पावलाला करकर आवाज यायचा. मला भीती वाटत होती आणि ती कुणापासून लपवावी लागत नव्हती. या वयात एवढी हलकी भीती मला पहिल्यांदाच वाटली.

भिंत समोर आली. निळी, ओली, सरळ उभी. गौरी आधी चढली, निम्म्यात दोनदा घसरली, वर पोचली, उतरली. मग वत्सला.

तिनं दोर ओढून पाहिला. उजवी कुऱ्हाड मारली, ती नीट बसली नाही. काढली, परत मारली. बर्फाचे तुकडे आमच्या हेल्मेटांवर टपटप पडले. मग बुटाचं टोक मारलं, उभी राहिली. पहिले दहा फूट ती हळू होती, इतकी हळू की वाट दाखवणारी मुलगी दोर धरून काळजीनं वर बघत होती. मग काहीतरी जागेवर बसलं. कुऱ्हाड, कुऱ्हाड, पाय, पाय, आणि मध्ये थांबणं. ती बर्फ चाचपत होती, पकड सापडली की अंग मागून जात होतं. केस पांढरे आणि कंबर जाड झाली असली तरी चढणं तेच. माझ्या चष्म्यावर धुकं आलं. मी चष्मा पुसला नाही, काढला; लांबचं मला त्याच्याशिवाय दिसतं, आणि तेवढ्यात काही हुकायला नको होतं.

"आजोबा," गौरी माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "ही बाई आपल्या घरी बाल्कनीचा पडदा ओढून बसायची?"

"हो."

"आणि आम्ही तिला बसवायचो."

"मी बसवायचो. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

वरून टकटक असा आवाज आला. वत्सलानं दोन्ही कुऱ्हाडी कड्याच्या काठावर ठोकल्या होत्या. ती वर पोचली होती. खाली दुसऱ्या गटातले अनोळखी लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी शीळ घातली. मी टाळ्या वाजवायला गेलो आणि लक्षात आलं की माझे हातमोजे इतके जाड आहेत की आवाजच येत नाही. तरी वाजवत राहिलो.

ती उतरली तेव्हा नाकाचं टोक लाल, श्वास लागलेला, आणि डोळे एकोणीस वर्षांचे. तिनं गौरीच्या हातातली बाटली घेतली, पाणी प्यायली, बाटली परत दिली.

वाट दाखवणारी मुलगी माझ्याकडे वळली. नावांची यादी तिच्याकडे होती, आणि गौरीनं पैसे तिघांचे भरले असल्यामुळे चढण्याची एक पाळी माझ्या नावावर होती. तिनं इंग्रजीत विचारलं, तुम्ही येताय ना? घाबरायचं कारण नाही, दोर पक्का आहे.

"मला उंचीची भीती वाटते," मी तिला सांगितलं. "पहिल्यापासून. माझी पाळी माझ्या बहिणीला द्या."

तिनं वत्सलाकडे पाहिलं, एवढ्यात परत जमेल का, अशा नजरेनं. वत्सला तोवर भिंतीकडे तोंड करून उभी होती, दोर स्वतःच कमरेला अडकवत.

"ती मी घेणारच होते," मागे न बघता ती म्हणाली, आणि तिनं कुऱ्हाड बर्फात मारली.